गॅरेजच्या पत्र्याखाली

१८ मार्च, लातूर

एक कोडे आहे. पत्र्याखाली उन्हाळा काढलेल्या प्रत्येकाच्या ते नजरेस आलेले असणार. आज दुपारी तीन वाजता मी आमच्या गॅरेजमध्ये तापमापक टांगला. एकोणचाळीस अंश. तोच तापमापक शेजारच्यांच्या कडुलिंबाखाली नेला. अडतीस. फरक एका अंशाचा. मग लिंबाखाली माणूस निवांत वर्तमानपत्र वाचतो आणि गॅरेजमध्ये पाच मिनिटांत त्याची टाळू भाजते, हे कसे? हवा जवळजवळ तीच आहे. भाजते कोण?

उत्तर सुंदर आहे. तापमापकाने हवेचे तापमान मोजले, पण आपल्याला भाजणारी पत्र्याची उष्णता हवेच्या मध्यस्थीने येतच नाही. शेकोटीसमोर छाती तापते आणि पाठ गार राहते, त्यावेळी हवा दोन्ही बाजूंना सारखीच असते. उष्णता प्रारणाने, म्हणजे किरणांनी, थेट येते. आमचा पत्रा दुपारी त्रेसष्ट अंशांवर असतो. गणित मांडले, तर खाली निजलेल्या माणसाच्या अंगावर दर चौरस मीटरला सुमारे दोनशे वॉट ओतले जातात. शंभराचे दोन बल्ब, मीटरभर जागेवर, सतत.

हे सगळे मांडण्याचे कारण खासगी आहे, म्हणून ते वहीत. गॅरेज मी १९९९ साली मोटारीसाठी बांधले. मोटार कधी आलीच नाही, सिंधूची बाज आली. सिंधू किल्लारीची. त्र्याण्णव सालच्या भूकंपात तिचे आईवडील, तुळजाबाई आणि दगडोबा, घराच्या माळवदाखाली, जड मातीच्या छताखाली, गेले. ती आणि तिचा भाऊ आनंदराज वाचले. सिंधू तेव्हा एकोणीस वर्षांची होती. लग्नाआधी तिने एकच अट सांगितली होती, की स्लॅबखाली निजणार नाही. स्वयंपाक करीन, पाहुणे करीन, सण करीन, पण निजायला पत्रा पाहिजे. ती अट मी पाळली. ती गॅरेजमध्ये निजते, मी आतल्या खोलीत, मध्ये एक भिंत.

मागच्या मे महिन्यात तिला पत्र्याखाली भोवळ आली. डॉक्टरांनी बजावले, की उन्हाळ्यात ही जागा बंद. म्हणून या नऊ तारखेला ती नांदेडला आनंदराजकडे गेली. त्यांचे घरही पत्र्याचेच, पण वर दोन जुने लिंब. आनंदराजने काल फोनवर सांगितले, "दाजी, ताईला इथंच एक खोली काढून देतो म्हणलो. दर साली हेलपाटा कशाला?"

सिंधूला विचारले, तर ती म्हणाली, "बघू."

गॅरेज थंड झाले नाही, तर ती खोली होणार.

२१ मार्च

टेबल टेनिसचा चेंडू काळ्या रंगाने रंगवला, त्याला भोक पाडून आत तापमापकाचा फुगा बसवला. साधा तापमापक हवेला ओळखतो, काळा चेंडू पत्र्यालाही ओळखतो. बाजेच्या उंचीवर टांगून घेतलेले वाचन: हवा ४०, चेंडू ४६. हे सहा अंश म्हणजे आपला शत्रू. शत्रूला आकडा मिळाला, की निम्मे काम होते, असे मी तीस वर्षे वर्गात सांगत आलो.

२४ मार्च

सकाळी फोन.

"सर, जेवणाचं काय करायलाव?" सिंधू मला अजून सर म्हणते. किल्लारीच्या तात्पुरत्या शेडमधल्या शाळेत मी प्रतिनियुक्तीवर होतो आणि ती बालवाडी सांभाळायची, तेव्हापासून.

मी म्हणालो, की खिचडी करतो.

"काल बी खिचडीच व्हती."

"कालची मुगाची होती. आजची तुरीची आहे."

ती हसली. तिच्या हसण्याला फोनमध्ये एक खरखर येते. ती ऐकण्यासाठी मी आणखी काही विनोद योजून ठेवले होते, पण तेवढ्यात उष्णतारोधनाचा विषय निघाला आणि मी जरा रंगलो. मी तिला समजावून सांगितले, की आपल्या भागात या शास्त्राचा कळस माळवदात झालेला आहे. दोन फूट मातीतून दुपारची उष्णता खाली झिरपायला अर्धा दिवस लागतो. ती घरात पोचेपर्यंत बाहेर गार झालेले असते. दरसाल पावसाळ्याआधी लोक वर पांढऱ्या मातीचा नवा थर देत, त्याने गळती थांबे आणि रोधनही वाढे. उपकरण नाही, वीज नाही, केवळ उशिराचा उपयोग.

ती म्हणाली, "दूध ठिवलंय चुलीवर," आणि फोन ठेवला.

मी केवळ भौतिकशास्त्र म्हणून बोललो होतो. भूकंपाला बत्तीस वर्षे झाली. संभाषण अपुरे राहिले, उद्या पूर्ण करीन.

३० मार्च

गच्चीवर बुटांचे सहा खोके मांडले आहेत. प्रत्येकाला पत्र्याचे झाकण, झाकणाखाली वेगळे रोधक, आत तापमापक. पहिल्यात काही नाही, दुसऱ्यात थर्मोकोल, तिसऱ्यात काचलोकर म्हणजे ग्लासवूल, चौथ्यात चमकदार फॉइल, पाचव्यात गोणपाट आणि भुसा, सहाव्यात काचलोकर आणि फॉइल दोन्ही.

चार दिवसांच्या वाचनांचा तक्ता केला. रकाने अकरा: वाहकता, जाडी, प्रारणाचा अडसर, आग, ओल, उंदीर, मुंग्या, खाज, आयुष्य, दुरुस्ती, उपलब्धता. थर्मोकोल आगीत आणि उंदरांत नापास. गोणपाट ओलीत नापास. सहावा खोका सर्व विषयांत उत्तीर्ण, फक्त काचलोकरीची कुसे अंगाला खाजवतात, म्हणून तिच्याखाली एक बंद पडदा लागेल. म्हणजे फॉल्स सीलिंग.

इतका सुटसुटीत तक्ता बऱ्याच वर्षांत केला नव्हता. जेवताना तो समोर ठेवला. घरात दुसरे वाचायलाही कोणी नाही.

४ एप्रिल

हरिओम आला. फॉल्स सीलिंगची कामे करतो. चाळीसएक वर्षांचा असेल. दहावीला माझ्या वर्गात होता, असे त्यानेच सांगितले. मी त्याला काळा चेंडू, खोके, तक्ता, सर्व दाखवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"सर, तुम्ही गॅरेजला एवढं शिकवायलाव, की गॅरेज बी बोर्डात येईल."

मी म्हणालो, की तुझा क्रमांक आला नव्हता, तेव्हा माझ्या शिकवण्यावर फार भिस्त ठेवू नकोस.

"न्हाई, मला बत्तीस पडले व्हते सायन्सला. तीन तुम्हीच वाढवून दिले. त्येच्यावरच पोट चालू हाय." मग त्याने पिशवीतून नमुने काढले. पांढरा पट्टा, फुलाफुलांचा पट्टा, संगमरवरी पट्टा, आणि एक सागवानी रंगाचा. पीव्हीसीचाच, पण त्याच्यावर लाकडाच्या रेषा हुबेहूब उठवलेल्या.

तो पट्टा हातात घेतला आणि मला एकदम सिंधूच्या माहेरची तक्तपोशी आठवली. मी ती पाहिलेली नाही, तिने सांगितलेली आहे. आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी ती तिच्या घराविषयी बोलत असे. सागवानी फळ्यांचे छत होते, खालून अगदी गुळगुळीत. दिवाळीआधी दगडोबा लाकडी घोड्यावर चढून जवसाच्या तेलाचे फडके फिरवीत आणि ती खाली घोडा धरून उभी राही. तेलाचा थेंब डोळ्यात पडला, की ती ओरडे आणि ते वरून म्हणत, "धर नीट, मी पडलो तर तुझं लगीन कोण करंल?"

मला असे वाटले, की एवढे तरी मी तिला परत देऊ शकतो. इतर सगळे पट्टे पिशवीत घालायला सांगितले.

"हाच?" हरिओम म्हणाला. "वैनीला विचारलाव का?"

"तिला अचानक दाखवायचे आहे."

६ एप्रिल

काम ठरल्याचे सिंधूला सांगितले, रंगाचे सांगितले नाही. तिने एकच विचारले.

"पत्रा दिसंल न्हवं खालून?"

मी समजावले, की पत्रा दिसणार नाही, त्याखाली सुबक छत येईल. सध्याच्या पत्र्यावर गंजाचे डाग आहेत, पत्रे पेलणाऱ्या पाइपांना कोळिष्टके लागतात.

"डाग असू द्या की."

स्त्रिया अशा बाबतीत नव्या गोष्टीला आधी नाही म्हणतात, मग त्याच शेजाऱ्यांना दाखवतात. निदान माझी आई तशी होती.

१२ एप्रिल

काम पूर्ण. आजची वाचने: बाहेर ४१, गॅरेजमध्ये हवा ३८, काळा चेंडू ३८.५.

सहा अंशांचा अर्धा अंश झाला. मी चेंडू उतरवला, पुसला, पुन्हा टांगला. तेच. खुर्ची घेऊन तासभर गॅरेजमध्ये बसून राहिलो, केवळ न भाजण्याचा आनंद घेत. सागवानी छत संध्याकाळच्या उन्हात खरोखर जुन्या लाकडासारखे दिसते. हरिओमने सांधे असे बसवले आहेत, की कुठे सुरुवात आणि कुठे शेवट ते कळत नाही.

सिंधूला फक्त आकडे कळवले. ती म्हणाली, "बरं झालं, सर. तुमच्या जिवाला घोर लागला व्हता." मग पुन्हा, "पत्रा झाकला का सगळा?"

"सगळा."

"बरं."

२० एप्रिल

आज नोंदवण्यासारखे वाचन नाही.

सिंधू घरात नसली, की घराचे आवाज बदलतात, हे मला या वयात कळले. सकाळी गॅरेजची कडी वाजत नाही. मी इतकी वर्षे त्या कडीच्या आवाजाने उठत होतो. आता गजर लावतो, तरी त्याआधीच जाग येते आणि मी कडीची वाट पाहत पडून राहतो. तिची पाणी तापवायची घमेली, तिचा दांडीवरचा टॉवेल, देवळीतली तंबाखूची मशेरी जी ती मला न दाखवता लावते, असे तिला वाटते. मशेरीची डबी मी आज उघडून वास घेतला. हे कोणाला सांगण्यासारखे नाही.

ती किल्लारीच्या शेडमध्ये पोरांना अंक शिकवायची, तेव्हा खडू नसायचा. ती त्यांना वर बघायला लावी आणि पत्रे मोजून घेई. मी पलीकडच्या खोलीत सातवीला तरफ शिकवत असे आणि मधल्या पडद्यातून तो एका सुरातला आवाज येई. माझा अर्धा तास त्या आवाजात जायचा. पोरांना माझी तरफ कितपत कळली, ते देव जाणे.

२७ एप्रिल

आनंदराजचा फोन. त्याने खोलीसाठी विटा आणल्या आहेत.

मी म्हणालो, "थांबा आठवडाभर. तिला एकदा इथले छत पाहू द्या."

"मला काय घाई न्हाई, दाजी. ताईच्या मनावर हाय." मग, "तुम्ही बी या की इकडं ऱ्हायाला. दोन माणसं, दोन घरं, कुनी सांगितलंय?"

मी त्याला नळाचे, दूधवाल्याचे, भिशीचे अशी कारणे दिली. खरे कारण हे, की मला ती इथे हवी आहे.

३ मे

ती आली. आनंदराजसोबत नांदेडच्या एसटीने, अहमदपूरमार्गे, दुपारी दोनला. उन्हाने तोंड लाल झालेले. पाणी पिताच म्हणाली, "दावा बरं, काय केलाव."

मी गॅरेजचे दार उघडले. ती उंबऱ्यावर उभी राहिली आणि तिने वर पाहिले. बराच वेळ पाहिले.

"कसं वाटतं?"

"छान झालंय, सर." मग, "लई गार हाय."

आनंदराज वर बघून एकदम बाहेर गेला. विडी ओढायला असेल.

सिंधू बाजेवर बसली, मग पडली. मी खुर्ची ओढून पुढ्यात बसलो आणि थरांची रचना समजावू लागलो. तिने ऐकले, पण डोळे छतावरून काढले नाहीत.

"ह्येच्या वर काय काय हाय?"

मी सांगितले: पट्टे, सांगाडा, काचलोकर, फॉइल, हवेची पोकळी, मग पाइप आणि पत्रे.

"वजन किती?"

मी तक्ता आणायला उठलो आणि अर्ध्या वाटेत थांबलो. अकरा रकान्यांत वजनाचा रकाना नव्हता.

"नगण्य आहे," मी म्हणालो. "एवढ्याने काही होत नाही."

ती उठून बसली. "आबा बी तसंच म्हणायचे," ती म्हणाली. "दरसाली टोपल्यानं माती टाकायचे वर. आई म्हणायची, बास करा. तर म्हणायचे, एवढ्यानं काय व्हतंय? खालून तर फळ्या लई चांगल्या दिसायच्या. तेल लावलेल्या."

मग पदराने तोंड पुसले आणि चहा टाकायला गेली. संध्याकाळी तिने बाज अंगणात काढली. म्हणाली, वारं चांगलं हाय.

४ मे

सकाळच्या एसटीने ती परत गेली. जाताना माझ्यासाठी तीन दिवसांची भाकरी आणि शेंगाची चटणी करून ठेवली. बसमध्ये चढून खिडकीतून म्हणाली, "सर, वाईट वाटून घिऊ नका. तुमचं काम चांगलंच हाय. मला जमंना झालंय."

स्टँडवरून चालत आलो.

५ मे

हवा ३९. चेंडू ३९.५.

८ मे

हरिओमला बोलावून एक पट्टा, सांगाड्याचा एक तुकडा आणि मीटरभर काचलोकर काढून घेतली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तोलली. दर चौरस मीटरला पाच किलो. दोन फूट मातीचे माळवद चौरस मीटरला टनभर भरते. म्हणजे आपले छत त्याच्या दोनशेव्या भागाएवढे. ओल्या गोधडीइतके.

लगेच फोन लावला. आकडा सांगितला. सिंधू म्हणाली, "मला ठावं हाय ते. हलकंच असंल. आकडा नका सांगू, सर."

आकडा बरोबर असून चालत नाही, अशी ही माझी पहिलीच वेळ.

१३ मे, नांदेड

न कळवता आलो. आनंदराज कामावर, सिंधू गल्लीत कोणाच्या हळदीला गेलेली. आनंदराजची बायको गौरम्मा घरी होती. ती देगलूरकडची, मराठी बोलताना मध्येच कानडी शब्द टाकते. तिने पाणी दिले आणि म्हणाली, "दाजी, बायकोला न्ह्यायला आलाव की भांडायला?"

मी म्हणालो, की छत बघायला.

"बघा की. छताला कुठं पदर हाय झाकायला?"

पुढच्या खोलीत सिंधूची बाज भिंतीला नव्हती, खोलीच्या अगदी मधोमध होती. वाटेत येत होती. मी तसे म्हणालो.

"भिंतीला लावू देत न्हाई. मधी पायजे, म्हंजी सगळं दिसतंय. पडली की मोजती."

"काय मोजते?"

गौरम्माने माझ्याकडे असे पाहिले, जसे मी नापास मुलाकडे पाहत असे. "पत्रे. पाइपं. हिथं सात पत्रे, चार पाइप. रोज. मोजल्याबिगर डोळा लागत न्हाई तिचा. लातूरला नऊ अन् पाच हायेत म्हनं. तुम्हाला ठावं न्हाई?"

मला ठाऊक नव्हते. गॅरेज मी बांधले, पत्र्यांची लांबी, रुंदी, जाडी मला तोंडपाठ आहे. ते नऊ आहेत, हे मी कधी मोजले नव्हते.

"तुम्ही कंदी निजलाव न्हाई का तिथं?"

सत्तावीस वर्षांत एकदाही नाही. मी तिथे उभा राहिलो आहे, खुर्चीवर बसलो आहे, शिडीवर चढलो आहे. सगळी वाचने मी उभ्याने घेतली.

गौरम्मा आत गेल्यावर मी त्या बाजेवर उताणा पडलो. सात पत्रे, चार पाइप. पत्र्याच्या पन्हाळीतून लिंबाची सावली हलताना दिसते. आपल्या डोक्यावर काय आहे, ते सगळे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, समोर उघडे असते. माझ्या सागवानी छताखाली तिला काहीच मोजता येत नव्हते. ते कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हेही कळत नव्हते, आणि त्याच कारागिरीचे मी कौतुक केले होते.

सिंधू आल्यावर मी छताचा विषय काढला नाही. तिनेही विचारले नाही. आम्ही तिघांनी हळदीच्या घरून आलेला शिरा खाल्ला आणि मी तीनच्या बसने निघालो.

१५ मे

हरिओमला सांगितले, सगळे काढ.

"सर, चेंडू तर पास झालाय."

"चेंडू झाला. माणूस झाला नाही."

तो डोके खाजवत शिडीवर चढला. मी नवा तक्ता केला. पहिली अट: पत्र्याखाली काहीही नको. दुसरी: पत्र्यावर कशाचाही भार नको. या दोन अटींत भौतिकशास्त्राला काय करता येते?

पुष्कळ करता येते, आणि मला त्याचा पुन्हा आनंद होऊ लागला. ऊन पत्र्यावर पडण्याआधीच अडवायचे. नांदेडचे लिंब तेच करतात. शेतकरी रोपवाटिकेवर टाकतात, ती हिरवी शेडनेट घ्यायची, पण तिचे खांब जमिनीत रोवायचे, गॅरेजच्या भिंतीला किंवा पत्र्याला स्पर्शही नाही. जाळी आणि पत्रा यांत दीड हात मोकळी हवा, म्हणजे तापलेली हवा बाजूने निघून जाईल. पत्र्यावर वरून पांढरा रंग, जो ऊन परतवतो. आणि पत्र्याच्या खालच्या बाजूला चंदेरी ॲल्युमिनिअमचा रंग. चकचकीत पृष्ठभाग तापला, तरी उष्णता कमी फेकतो, कारण जो चांगला परतवतो, तो प्रारणात कंजूष असतो. गंजलेला पत्रा उधळा. पत्रा तोच, उघडा, फक्त त्याची सवय बदलायची.

२३ मे

पूर्ण. बाहेर ४१. गॅरेजमध्ये हवा ४०, चेंडू ४१.५. सागवानी छताइतके चांगले नाही. जुन्या तक्त्यात हा पर्याय दुसरा आला असता. दुपारी पंखा लागेल, संध्याकाळनंतर ठीक. डॉक्टरांना आकडे दाखवले. ते म्हणाले, पूर्वीपेक्षा फार सुधारले आहे, दुपारी आतल्या खोलीत बसवा आणि निजायला चालेल.

सिंधूला अजून कळवलेले नाही. आनंदराजने विटांची रांग भिंतीशी लावून ठेवली आहे, असे गौरम्मा म्हणाली.

२६ मे

चार दिवस गॅरेजमध्ये निजतो आहे. सकाळी कडी मीच काढतो.

२७ मे

दुपारी चारला मीच फोन केला.

"सर, कुठं हाव? आवाज घुमायलाय."

"तुझ्या बाजेवर आडवा पडलो आहे."

"दुपारच्याला? पत्र्याखाली?" मग, "पत्रा हाय का?"

"हाय," मी म्हणालो.

मागे गौरम्मा कोणावर तरी ओरडत होती.

"वर काय काय हाय, सांगा बरं."

मी वर पाहत सांगत गेलो. पाच पाइप. नऊ पत्रे, आतून चंदेरी, वरून पांढरे. तिसऱ्या पत्र्याला एक पोचा आहे. पत्र्यावर काही ठेवलेले नाही. मग दीड हात मोकळी हवा. मग हिरवी जाळी, सहा खांबांवर, खांब जमिनीत. जाळीवर काही नाही. आकाश.

"बघून सांगायलाव?"

"हो."

"आता डोळे मिटून सांगा."

मी डोळे मिटले. पाच पाइप, नऊ पत्रे, चंदेरी, पांढरे, तिसऱ्याला पोचा, हिरवी जाळी, सहा खांब, आकाश.

"हवा कुठं गेली?" ती म्हणाली. "सायन्सचे सर, अन् हवाच खाऊन टाकलाव."

फोनमधली ती खरखर ऐकू आली.

"पाठ करा नीट," ती म्हणाली. "सोमवारी येते मी. अन् माझी बाज जरा सरकवून ठिवा. मधी दोन बाजा मावल्या पायजेत."

फोन ठेवल्यावर मी आनंदराजला कळवले, की विटा दुसऱ्या कशाला तरी वापराव्यात. मग बाज सरकवली, आतल्या खोलीतून माझी बाज आणून तिच्याशेजारी लावली आणि पुन्हा पाठ करायला लागलो.

वाचनांखाली एक चाचणी लिहून ठेवतो. या चाचणीला तापमापक लागत नाही आणि ती कोणालाही आपल्या घरी करता येईल. जिथे रोज कोणीतरी निजते, त्याच जागी, त्याच बाजूला डोके करून उताणे पडावे. वर नीट पाहून घ्यावे. मग डोळे मिटून, नजरेपासून आकाशापर्यंत, वर काय काय आहे, ते क्रमाने मोठ्याने म्हणावे. जिथे अडखळाल, तिथे थांबावे आणि तिथे निजणाऱ्या माणसाला विचारावे, की तुम्हाला इथे पडल्यावर काय वाटते. उत्तर येईपर्यंत उठू नये.